डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवरची पिवळी ‘स्प्रिंग’ : ही लाइट कुठून जोडतात आणि ती खरं कधी बोलते?

समजा, तुम्ही घाटकोपरला पंतनगरात राहता. दहा-बारा वर्षं जुनी डिझेल गाडी आहे आणि ती वर्षभर पहिल्या सेल्फला सुरू होते. डिसेंबरात लग्नासाठी निफाडला गेलात, रात्री गाडी उघड्यावर लावली आणि पहाटे साडेपाचला चावी मारली. सेल्फ फिरतोय, मागून पांढरा धूर येतोय, पण इंजिन काही धरत नाही. चार-पाच प्रयत्नांत बॅटरी उतरली. मग मांडवातली पोरं धक्का मारायला.

गंमत अशी की, त्या गाडीचा बिघाड निफाडला झालेला नसतो. तो घाटकोपरमध्येच कधीतरी दोन-तीन वर्षांपूर्वी झालेला असतो. मुंबईच्या हवेत तो जाणवला नाही, इतकंच. तो आधी लक्षात आणून देण्यासाठी डॅशबोर्डवर एक छोटी पिवळी लाइट असते. पण ती एक तर गेलेली असते, किंवा कुणीतरी भलत्याच ठिकाणाहून जोडलेली असते.

स्प्रिंगसारखी किंवा वेटोळ्यासारखी दिसणारी हीच ती ग्लो प्लगची लाइट. गॅरेजच्या भाषेत ‘हीटरची लाइट’. ती काय सांगते, तिची वायरिंग कशी असते, जुन्या गाडीत ती नव्याने कशी जोडायची आणि नव्या गाडीत हात का लावायचा नाही, हे आज नीट बघू.

ही स्प्रिंग नेमकी कसली?

पेट्रोल गाडीत ठिणगी पाडणारा स्पार्क प्लग असतो. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन वर येताना हवा इतकी दाबली जाते की ती प्रचंड तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा उडाला की ते आपोआप पेट घेतं.

पण इंजिन थंड असेल तर दाबलेल्या हवेची बरीचशी उष्णता सिलिंडरच्या थंड लोखंडातच जिरते. मग डिझेल पूर्ण पेटत नाही, अर्धवट वाफ होऊन सायलेन्सरमधून पांढऱ्या धुराच्या रूपाने बाहेर पडतं. ही अडचण सोडवण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये पेन्सिलसारखा एक हीटर बसवलेला असतो. तोच ग्लो प्लग. त्याच्या आत तारेचं वेटोळं असतं. करंट मिळाला की काही सेकंदांत त्याचं टोक ८०० अंश सेल्सिअसच्या वर जातं आणि लालबुंद होतं.

डॅशबोर्डवरची खूण त्या वेटोळ्याचीच आहे. जगभरच्या गाड्यांत ती सारखीच दिसते, कारण अशा खुणा आयएसओ २५७५ या आंतरराष्ट्रीय मानकात ठरवून दिल्या आहेत. रंगही ठरलेला आहे, पिवळा. लाल लाइट म्हणजे गाडी थांबवा, पिवळी म्हणजे लक्ष द्या.

फार जुन्या डिझेल गाड्यांत तर ही खूण नव्हती, खरीखुरी वायरची गुंडाळी होती. डॅशबोर्डवर एका जाळीमागे ती बसवलेली असायची आणि प्लगना जाणारा करंट तिच्यातूनच जायचा. गुंडाळी लाल झाली की ड्रायव्हरला कळायचं, आता सेल्फ मारायचा. त्या काळी सगळे प्लग दिवाळीच्या लाइटच्या माळेसारखे एकामागोमाग एक जोडलेले असत. एक प्लग गेला की सगळी माळ बंद आणि डॅशबोर्डवरची गुंडाळीही थंड. म्हणजे ती गुंडाळी खोटं बोलूच शकत नव्हती.

पुढे प्रत्येक प्लगला वेगळा करंट मिळेल अशी समांतर जोडणी आली. एक गेला तरी बाकीचे तीन चालू राहू लागले. पण त्याबरोबर डॅशबोर्डवर गुंडाळीऐवजी साधा बल्ब आला. आजचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. बल्ब प्लगच्या रांगेत नसतो. तो बाजूला कुठेतरी जोडलेला असतो. आणि तो कुठे जोडलाय, यावरच तो काय सांगणार हे ठरतं.

‘साहेब, मुंबईत हीटर लागतच नाही’

हे वाक्य तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेल. ते अर्धं खरं आहे.

मुंबईत हिवाळ्यात रात्रीचा पारा साधारण १६-१८ अंशांवर येतो. सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, आणि तोही २२ जानेवारी १९६२ चा. एवढ्या हवेत आजची बरीच डिझेल इंजिनं प्लगशिवायही सुरू होतात. कारण त्यांत डिझेल थेट सिलिंडरमध्ये, खूप जास्त दाबाने फवारलं जातं.

पण जुन्या पद्धतीच्या इंजिनांत डिझेल आधी एका छोट्या कप्प्यात फवारलं जातं आणि ज्वाला तिथून सिलिंडरमध्ये जाते. या कप्प्याच्या भिंती जास्त उष्णता खातात. त्यामुळे अशा इंजिनाला मुंबईतल्या पावसाळी सकाळीसुद्धा प्लग लागतात. नाही तर सेल्फ लांबतो, सुरू झाल्यावर गाडी थरथरते आणि मिनिटभर पांढरा धूर सोडते.

शिवाय घाटकोपरची गाडी घाटकोपरलाच थांबत नाही. पूर्व द्रुतगती मार्गाला लागलं की ठाणे, कसारा घाट आणि पुढे नाशिक. निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठतं. तिथे गेल्यावर ‘हीटर लागतच नाही’ या वाक्याची किंमत कळते.

कुर्ल्याच्या पद्मिनीपासून पुण्याच्या इंडिकापर्यंत

या लाइटचा आपल्या भागाशी जवळचा संबंध आहे. घाटकोपरच्या शेजारी कुर्ल्याला, लालबहादूर शास्त्री मार्गावर वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. तिथली प्रीमियर पद्मिनी म्हणजे मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी. मूळची ही पेट्रोल गाडी. नव्वदच्या दशकात तिची ‘१३७ डी’ ही डिझेल आवृत्ती आली. पेट्रोल महाग असल्यामुळे टॅक्सीवाल्यांना डिझेल परवडायचं. पण त्याबरोबर ‘चावी फिरवा, हीटर तापू द्या, मग सेल्फ मारा’ ही सवयही आली.

पुढे प्रदूषणाबाबत मुंबई उच्च न्यायालयाचे आदेश आले आणि २००० नंतरच्या काही वर्षांत टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजीला ठिणगी लागते, हीटर नाही. त्यामुळे टॅक्सीच्या डॅशबोर्डवरून ही लाइट गेली. खुद्द पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर टॅक्सी म्हणून रस्त्यावरून उतरली.

घरगुती गाड्यांत मात्र ही लाइट वाढतच गेली. डिसेंबर १९९८ मध्ये टाटा इंडिका आली, पुण्यात बनलेली. तिचं १.४ लिटरचं डिझेल इंजिन कप्प्याच्या जुन्या पद्धतीचं होतं, म्हणजे हीटरवर अवलंबून. २००७ मध्ये स्विफ्ट डिझेल आली. तिच्यात फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन होतं आणि हेच इंजिन पुढे पुण्याजवळ रांजणगावलाही बनलं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्या थांबवल्या. पण खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेस तपासणीनंतर ती पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. त्यामुळे या गाड्या आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये अजून भरपूर आहेत. त्यांच्या वायरिंगचं वय आता बोलू लागलं आहे.

आधी वायरिंग समजून घ्या : एक जाड, एक बारीक

ग्लो प्लगच्या व्यवस्थेत दोन वेगळी सर्किट असतात. ती डोक्यात वेगळी ठेवली की सगळं सोपं होतं.

पहिलं जाड वायरचं. एक साधा १२ व्होल्टचा प्लग तापल्यावर १० ते १५ अँपिअर करंट ओढतो, सुरुवातीच्या क्षणी त्याहून जास्त. चार प्लगचे ६० अँपिअर धरा. १२ व्होल्टने गुणलं की ७२० वॉट. म्हणजे घरातली इस्त्री गाडीच्या बॅटरीवर चालवल्यासारखं. एवढा करंट चावीच्या स्विचमधून नेला तर स्विच वितळेल. म्हणून बॅटरीपासून जाड वायर, तिच्यात मोठा फ्यूज, मग ७० अँपिअर किंवा त्याहून मोठा रिले, आणि रिलेपासून प्लगच्या डोक्यांवरून जाणारी पट्टी. प्लगची दुसरी बाजू म्हणजे त्याची चुडी. ती इंजिनला घट्ट बसते आणि तिथूनच अर्थ मिळतो.

दुसरं बारीक वायरचं. चावी ऑन केली की टायमर किंवा कंट्रोलर इंजिनचं तापमान बघतो, किती सेकंद तापवायचं ते ठरवतो आणि रिलेच्या कॉइलला छोटा करंट देतो. कॉइल रिलेचे पॉइंट ओढते आणि जाड सर्किट चालू होतं.

रिलेवर काही आकडे कोरलेले असतात. जर्मन पद्धतीनुसार त्यांचे अर्थ ठरलेले आहेत. ३० म्हणजे थेट बॅटरी. १५ म्हणजे चावी ऑन केल्यावर मिळणारा करंट. ३१ म्हणजे अर्थ. ५० म्हणजे सेल्फची वायर. ८५ आणि ८६ ही रिलेच्या कॉइलची दोन टोकं. ८७ म्हणजे रिलेतून बाहेर जाणारा करंट. टायमरवर ‘एल’ हे इंग्रजी अक्षर दिसलं तर ती बहुधा लाइटची जागा. तरी सगळ्याच कंपन्या हे पाळत नाहीत. म्हणून आपल्या मॉडेलची वायरिंगची आकृती मिळवून खात्री करायची, अंदाजाने वायर जोडायची नाही.

लाइट जोडायच्या तीन जागा आणि तीन वेगळी उत्तरं

पहिली जागा, रिलेच्या कॉइलला समांतर, म्हणजे ८५ आणि ८६ च्या मध्ये. इथली लाइट सांगते की तापवायचा हुकूम सुटला. पण हुकूम पाळला गेला की नाही, हे तिला माहीत नसतं. रिलेचे पॉइंट जळून काळे झाले असतील तर लाइट मस्त पेटेल आणि प्लग थंडच राहतील. याच्या उलटही होतं. पॉइंट एकमेकांना चिकटले तर चावी काढल्यावरही प्लग तापत राहतात. हुकूम मात्र बंद झालेला असतो, म्हणून लाइटही बंद. सकाळी बॅटरी उतरलेली आणि प्लग जळलेले. लाइटने काहीच सांगितलं नाही.

दुसरी जागा, रिलेच्या पुढे, म्हणजे ८७ वर किंवा प्लगच्या पट्टीवर. इथली लाइट सांगते की करंट पट्टीपर्यंत पोहोचला. रिले जळला असेल तर ती पेटणार नाही, चिकटला असेल तर विझणार नाही. दोन्ही बिघाड पकडले जातात. फक्त चारही प्लग आतून तुटले असले तरी ती पेटेल, कारण पट्टीवर व्होल्टेज आहेच.

तिसरी जागा, टायमरचं ‘एल’ टर्मिनल. कंपनीने दिलेली लाइट सहसा इथेच असते. बऱ्याच टायमरमध्ये बल्बच्या एका टोकाला मीटरच्या फ्यूजमधून चावीचा करंट मिळतो आणि दुसरं टोक टायमर ठरावीक वेळ अर्थ करतो. ही लाइट म्हणते, ‘थांब... आता मार सेल्फ.’ ती ड्रायव्हरसाठी दिलेली सूचना आहे, प्लगच्या तब्येतीचा रिपोर्ट नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिन सुरू झाल्यावरही धूर आणि थरथर कमी व्हावी म्हणून प्लग काही वेळ तापत राहतात. ‘एल’वरची लाइट तेव्हा विझलेली असते. म्हणजे लाइट विझली याचा अर्थ प्लग बंद झाले असा होत नाही.

मग चांगली जागा कोणती? जुन्या, साध्या वायरिंगच्या गाडीत ‘एल’वरची मूळ लाइट दुरुस्त करणं हे पहिलं काम. टायमरच नसेल, चावीची हीटर पोझिशन किंवा वेगळं बटण असेल, तर दुसरी जागा घ्यावी. ती सगळं सांगत नाही, पण तिन्ही जागांत सगळ्यात कमी फसवते.

प्रत्यक्ष जोडणी : जुन्या गाडीत, दुसऱ्या जागेवरून

हे काम बारीक वायरचं आहे, पण सुरुवात जाड करंटच्या जागेपासून होते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

१. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. हे टाळायचं नाही. पाना पट्टीला आणि बॉडीला एकदम लागला तर डोळ्यांसमोर ठिणग्या उडतात.

२. रिलेतून प्लगकडे जाणारी वायर शोधा. तिच्या बोल्टखाली बारीक वायरचा गोल थिंबल बसवा. जाड वायर सोलून तिला वायर गुंडाळून टेप मारायची नाही. पावसाळ्यात दमट, खारट हवेने तो जोड हिरवा पडतो.

३. थिंबलपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज होल्डर लावा आणि त्यात २ अँपिअरचा फ्यूज टाका. या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. कारण पुढे येतंच.

४. तिथून ०.५ ते ०.७५ चौरस मिलिमीटरची, गाडीसाठीचीच वायर घ्या. घरातली फिटिंगची वायर चालत नाही. इंजिनची उष्णता, डिझेल आणि ऑइल लागून तिचं आवरण कडक होऊन तडकतं. वायरवर काळी नळी चढवा आणि ती सायलेन्सरच्या गरम पाइपपासून, फॅनबेल्टपासून आणि फिरत्या भागांपासून लांब ठेवून टायने बांधा.

५. केबिनमध्ये वायर नेताना पत्र्याला नवं भोक पाडू नका. आधीच्या वायरिंगसाठी जिथे रबरी बुश आहे तिथूनच न्या. उघड्या पत्र्याच्या कडेवर वायर घासली की आवरण कापलं जातं. आत पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यात ती अडकणार नाही, हेही बघा.

६. मीटरमधली मूळ जागा रिकामी असेल तर तिथे १२ व्होल्ट, १.२ वॉटचा बल्ब बसतो. तो फक्त ०.१ अँपिअर घेतो. नाहीतर वेगळी पिवळी इंडिकेटर लाइट लावा. साधा एलईडी लावणार असाल तर त्याच्यासोबत एक किलोओहमचा रेझिस्टर हवाच. तो नसेल तर एलईडी लगेच जळतो.

७. लाइटचं दुसरं टोक अर्थ करा. रंगावर अर्थ लागत नाही. रंग खरवडून, स्वच्छ पत्र्यावर स्क्रूने पक्कं करा.

८. बॅटरी जोडा, चावी हीटरवर न्या. लाइट लागली पाहिजे. बटण सोडल्यावर विझली पाहिजे. इंजिन सुरू होऊन तापल्यावर आणि चावी काढल्यावर ती पूर्ण बंद हवी. नसेल तर रिले चिकटलाय. बॅटरी परत काढा आणि रिले बदला.

आता फ्यूजची गोष्ट. ज्या वायरला तुम्ही बारीक वायर जोडलीत, तिच्यावरचा फ्यूज ६०-८० अँपिअरचा असतो. म्हणजे बारीक वायर कुठे घासून बॉडीला लागली तर तो मोठा फ्यूज उडणारच नाही. त्याच्यासाठी हा करंट नेहमीचाच आहे. तुमची शिवणाच्या दोऱ्याएवढी वायर मात्र हीटरच्या तारेसारखी लाल होईल. आणि ती असते कुठे? डॅशबोर्डच्या मागे, प्लास्टिक आणि फोमच्या शेजारी. दहा-वीस रुपयांसाठी फ्यूज न लावलेली एक वायर पूर्ण गाडी पेटवू शकते. वायरमनकडून काम करून घेत असाल तर फ्यूज कुठे लावला, हे त्याला दाखवायला सांगा. दाखवू शकला नाही तर गाडी ताब्यात घेऊ नका.

आणखी एक. हीटरसाठी हॉर्न किंवा हेडलाइटचा ३०-४० अँपिअरचा रिले लावू नका. तो काही दिवस चालतो, मग त्याचे पॉइंट चिकटतात. वर सांगितलेली सगळी मालिका तिथून सुरू होते.

नव्या गाडीत वायरला हात का लावायचा नाही?

कॉमन रेल इंजिनच्या गाड्यांत ही लाइट वायरने पेटत नाही, निरोपाने पेटते. इंजिनचा ईसीयू तापमान बघतो, प्लगच्या कंट्रोलरला सूचना देतो आणि मीटरला डेटाच्या दोन वायरींवरून सांगतो की लाइट लाव किंवा विझव. त्यामुळे मीटरमागे ‘हीटरची वायर’ शोधून सापडत नाही. दोन डेटा वायरींपैकी एकीला टेस्ट लॅम्प लावला तर मीटरपासून एबीएसपर्यंत सगळं बिघडू शकतं.

शिवाय अशा बऱ्याच गाड्यांतले प्लग १२ व्होल्टचे नसतातच. ते चार-पाच किंवा सात व्होल्टचे असतात आणि कंट्रोलर त्यांना करंट तुकड्या-तुकड्यांनी देतो. असा प्लग ‘बघू तापतो का’ म्हणून थेट बॅटरीला लावला की तो क्षणात जळतो. चांगला प्लग तपासतानाच जातो.

या गाड्यांसाठी वायर कापण्याऐवजी स्कॅनर लावायचा. कोड वाचता येतो. पी ०६७१ ते पी ०६७४ हे अनुक्रमे एक ते चार नंबरच्या सिलिंडरच्या प्लग सर्किटचे कोड आहेत. पी ०६७० आला तर कंट्रोलरच्या सर्किटकडे बघायचं. जुन्या गुंडाळीनंतर पहिल्यांदाच इथे गाडी कुठला प्लग गेला ते नेमकं सांगते. फक्त डॅशबोर्डवर नाही, स्कॅनरवर.

लाइट काय म्हणतेय?

चावी ऑन केल्यावर पेटली आणि काही सेकंदांत विझली : सगळं ठीक. विझल्यावरच सेल्फ मारा.

इंजिन गरम असताना सेकंदभरच दिसली : तेही ठीक. तापवायची गरज नाही, बल्ब शाबूत आहे एवढंच ती सांगते.

कधीच पेटत नाही : बल्ब, फ्यूज, टायमर किंवा अर्थ गेला आहे. किंवा कुणीतरी बल्ब काढला आहे.

इंजिन सुरू झाल्यावर बराच वेळ पेटलेली : रिले चिकटलाय किंवा टायमर बिघडलाय.

चालत्या गाडीत लुकलुकते : मॉडेलचं मॅन्युअल बघा. काही गाड्यांत याचा अर्थ प्लगच्या सर्किटमध्ये बिघाड, तर काही गाड्यांत हीच लाइट इंजिनच्या इतर बिघाडासाठीही वापरतात. तिथे प्लग बदलून काहीच होणार नाही.

प्लग खरंच चांगले आहेत का?

लाइट कुठूनही जोडा, प्लगची तपासणी वेगळी करावीच लागते. पट्टी काढून प्रत्येक प्लग सुटा करा. मल्टिमीटर ओहमवर ठेवून प्लगचं डोकं आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा. चांगला प्लग साधारण एका ओहमच्या आसपास दाखवतो. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली. चौघांत एकाचाच आकडा फार वेगळा असेल तर तोही संशयित.

प्लग काढायचा असेल तर इंजिन कोमट असताना, गंज सोडवणारं ऑइल टाकून, सावकाश. वर्षानुवर्षं न काढलेला प्लग जोर लावला की मधेच तुटतो आणि टोक आत राहतं. मग हेड उतरवायची वेळ येते. दोनशे-चारशेच्या कामाचे हजारो होतात. नवा प्लग बसवतानाही मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कएवढाच घट्ट करायचा.

आणि गाडी धरत नाही म्हणून एअर फिल्टर काढून आत स्टार्टिंग स्प्रे मारायचा किंवा पेटता बोळा धरायचा, हा उपाय डोक्यातून काढून टाका. प्लग लाल असताना स्प्रे आत गेला तर तो वेळेआधीच भडकतो. पिस्टनला तडा जाऊ शकतो, चेहऱ्यावर ज्वाला येऊ शकते.

सेकंडहँड डिझेल घेताय?

मग ही लाइट तुमच्या कामाची आहे. गाडी बघायला दुपारी जाऊ नका. घाटकोपरच्या दुपारी ३२ अंशांत गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली, यावरून प्लगबद्दल काहीच कळत नाही. सकाळी लवकर जा आणि मालकाला आदल्या रात्रीच सांगा, ‘मी येईपर्यंत सुरू करू नका.’ पोहोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा. गरम लागलं तर कुणीतरी गाडी आधीच तापवून ठेवली आहे.

मग चावी ऑन करून थांबा. स्प्रिंग पेटली पाहिजे आणि विझली पाहिजे. सेकंदभरही दिसली नाही तर भाव करायच्या आधी मीटर उघडायला सांगा. ज्याने हीटरचा बल्ब काढला, त्याने इंजिनची आणि एअरबॅगची लाइटही काढली असू शकते. सुरू झाल्यावर मागे जाऊन धूर बघा. पांढरा धूर आणि थरथर मिनिटभर राहिली तर प्लग तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

थोडक्यात, ही लाइट पेटते की नाही एवढंच बघू नका. ती कुठून जोडली आहे, हे विचारा. हुकमावर जोडली असेल तर ती हुकूम सांगेल, पट्टीवर जोडली असेल तर करंट सांगेल. प्लग तापतोय की नाही हे कळायला मल्टिमीटर किंवा स्कॅनरच लागतो. हे काम घाटकोपरमध्ये एखाद्या निवांत रविवारी तासाभरात होतं. निफाडच्या पहाटे, उतरलेल्या बॅटरीसह ते करता येत नाही.